सुमित्राला सांगितलेला निरोप

माझ्या नवऱ्याला वाटायचं, हिच्या पोटात काही राहत नाही. चारचौघांत सांगायचा, कमलच्या मनात आलं की ते ओठावर आलंच म्हणून समजा. मी हसायचे. तो गेला तेव्हाही त्याची हीच समजूत होती. एक गोष्ट मात्र पोटात राहिली होती. त्याच्यापासून लपून राहिली, आईपासून राहिली, पोरांपासून राहिली. जिची ती गोष्ट आहे, तिच्यापासून तर राहिलीच. आज पहिल्यांदा ती माझ्या तोंडून निघते आहे. आजच का? ठाऊक नाही. तब्येत बरी आहे, जेवण जातं, झोप लागते. मी सुखात आहे — हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, ही बाई जन्मभर कुढली असेल. नाही कुढले. 

चंद्रपूर तेव्हा चांदा होतं. जटपुरा गेटाजवळ माझ्या बाबांचं शिलाईचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून गुलाबभाऊंचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा — तलाव, कमळं, आणि एक हंस, ज्याची मान रंगवणाऱ्याकडून फारच लांब झाली होती. बल्लारपूरच्या कारखान्यात नोकरी लागलेले लोक पासासाठी फोटो काढायला यायचे. लग्नाच्या मुली यायच्या. आणि कधीमधी व्यापाऱ्यांचं काम यायचं — विडीच्या बंडलावरचं चित्र, साडीच्या दुकानाची पाटी. नागपूरच्या एका तेलवाल्याला बाटलीवरच्या लेबलासाठी मुलगी हवी होती. केस लांब, चेहरा हसरा. पण अशा कामाला आपली मुलगी कोण देणार? गुलाबभाऊंनी भीत भीत बाबांना विचारलं. बाबांनी पायाखालची मशीन थांबवली नाही. म्हणाले, "बाटलीवर चिटकन तो कागद. पोरगी तं घरीच राह्यते ना?"

अशी मी तेलाची मुलगी झाले. मग त्याच तेलाचं कॅलेंडर आलं. मग बिस्किटाचा डबा, बांगड्यांच्या पुठ्ठ्यावरचं चित्र, विडीचं लेबल. एकदा अहेरीच्या बाजारातून परत आलेला एक माणूस दुकानात येऊन बाबांना म्हणाला, "भाऊ, तुमची पोरगी तिकडं दुकानात लटकून राह्यली." बाबा आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होते. 

आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. बाजारात बाया माझ्याकडे वळून बघायच्या, केसांना हात लावायच्या, खरंच तेच तेल लावते का विचारायच्या. गुलाबभाऊ काळ्या कापडात डोकं घालून म्हणायचे, "कमल, गुळाचा खडा तोंडात हाय असं समज." आणि मी समजायचे. मला हसायला कष्ट पडायचे नाहीत. मला वाटायचं — आता हसू येतं त्याचं, पण तेव्हा वाटायचं — की सबंध चांद्यात फोटोत उभं राहावं अशी एकच मुलगी आहे.

सुमित्रा माझी मैत्रीण. कोष्टी मोहल्ल्यात तिच्या वडिलांचे, विठोबाजींचे माग होते. कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या साड्या विणायचे. मोठा भाऊ महादेव विणायला आणि माल पोचवायला, आई कांड्या भरायला, आणि सुमित्रा कोसे उकळून सूत काढायला. शाळा आम्ही दोघींनी बरोबर सोडली. माझं तेलाचं कॅलेंडर तिने मागासमोरच्या भिंतीवर लावलं होतं. महिने संपले, वर्ष संपलं, तरी काढलं नाही. येईल त्याला दाखवायची, "हे आमची कमल." तिच्या बोलण्यात मत्सराचा कणसुद्धा नसायचा. तो सगळा माझ्याच वाट्याला आला होता बहुतेक. 

दिसायला कशी होती? काळी होती. पिकलेल्या जांभळासारखी — वरून एक तकाकी. माझ्यापेक्षा चांगली उंच, मान लांब, गालाची हाडं वर आलेली, आणि बोलताना समोरच्या माणसाच्या जरा पलीकडे बघायची सवय. हसायची कमी. आमच्याकडे कुणी तिला सुंदर म्हणत नव्हतं. मीही म्हणत नव्हते. आमच्याकडे सुंदर म्हणजे गोरी, गोल, हसरी. म्हणजे मी.

देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. एका साली दिवाळीनंतर मुंबईहून फ्रेनीबाई आल्या. पारशी बाई, कापलेले केस, डोळ्यांवर काळा चष्मा, जीप स्वतः चालवायच्या. गेटाजवळ जीप थांबली तेव्हा निम्मं चांदा गोळा झालं होतं. बरोबर एक फोटोवाला होता, तो बोलायचाच नाही. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्या साड्यांचे कार्यक्रम करायच्या — मुली साड्या नेसून नुसत्या चालतात आणि श्रीमंत लोक खुर्च्यांवर बसून बघतात. गुलाबभाऊंनी हे सांगितलं तेव्हा बाबांना खरंच वाटेना. "नुसतं चालते? आन् मंग?" मग काही नाही. नुसतं चालतात. त्याचे फोटो गुळगुळीत कागदाच्या इंग्रजी मासिकात छापून येतात. फ्रेनीबाईंना यंदा कोसा दाखवायचा होता. तोही जिथे कोशाचा किडा झाडावर वाढतो त्या जंगलात, पोंभुर्ण्याकडे, कुणाच्या तरी अंगावर नेसवून. 

कुणाच्या? गुलाबभाऊंनी छाती पुढे काढून मला समोर केलं. 

फ्रेनीबाईंनी माझी सगळी कॅलेंडरं पाहिली. लेबलं पाहिली. स्टुडिओत उभं करून फोटोही काढून घेतले. माझ्या मापाने ब्लाउज शिवायला बाबांकडे कापड दिलं. मी हवेत होते. दुसऱ्या दिवशी साड्या निवडायला त्यांना विठोबाजींकडे मीच घेऊन गेले — माझीच मैत्रीण, माझंच कॅलेंडर भिंतीवर, मला मिरवायचं होतं. अंगणात सुमित्रा सुताच्या ओल्या लडी दोन्ही हातांनी उंच धरून बांबूवर टाकत होती. पाणी कोपरावरून ओघळत होतं. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, म्हणजे आमच्या जरा पलीकडे. आणि फ्रेनीबाई दारातच थांबल्या. चष्मा काढला. त्या मला विसरल्या — हे मला पाठीमागून, त्यांच्या मानेकडे बघून कळलं. 

परत येताना जीपमध्ये त्यांनी मला समजावलं. वाईट बोलल्या नाहीत. मायेनंच बोलल्या. "दिकरी, तू हसते तर मानसाला वाटते, ही आपल्या घरची पोरी. तेल, साबू, बिस्कीट — तू सगळं विकेल. ते पन मोठं काम हाय. पन मला काय विकायचं नाय. मला कपडा दाखवायचा. बघनारा थांबला पायजे, बस. ती पोरी थांबवते." मग म्हणाल्या, जंगलातले फोटो तिचेच काढायचे, आणि तिचे वडील हो म्हणाले तर तिला दोन महिने मुंबईला न्यायचं, आईला बरोबर घेऊन, माझ्या घरी राहतील. विठोबाजींना त्यांनी तिथेच विचारलं होतं आणि त्यांनी उद्यापर्यंत विचार करायला मागितला होता. 

"तू तिची मैत्रीन," फ्रेनीबाई म्हणाल्या. "उद्या तूच जा. बाप हो बोलला तर तिचा माप घेऊन ये. तुझ्या बाबाला ब्लाउज बदलावा लागेल."

मी हो म्हटलं. 

रात्र कशी गेली ते सांगत नाही. रडले बिडले नाही. नुसतं एकच आठवत राहिले — त्यांनी चष्मा काढला होता. माझे एवढे फोटो पाहिले, पण चष्मा नाही काढला. 

सकाळी टेप घेऊन मी कोष्टी मोहल्ल्यात गेले. सुमित्रा डोक्यावरून न्हाली होती. केस मोकळे, अंगणभर शिकेकाईचा वास. विठोबाजी मागाच्या खड्ड्यात बसले होते, तिथूनच म्हणाले, "सांग बाईले, जाऊ दे पोट्टीले. तिची माय बरोबर हाय तं मले काय भेव? आमचा कपडा घालूनच तं फिरणार हाय." त्यांची बायको दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. मुंबईला जायचं होतं ना तिला! समुद्र बघायचा होता. महादेव माग थांबवून माझ्याकडे बघत होता — पण तो तर त्या दिवसांत नेहमीच बघायचा. 

मी सुमित्राचं माप घेतलं. ती भिंतीशी हात पसरून उभी राहिली. छाती, कंबर, खांद्यापासून कोपरापर्यंत. तिचं काळीज टेपखाली धडधडताना मला कळत होतं. ती हळूच म्हणाली, "कमल, मले हसता येत नाई व तुह्यासारखं. शिकवजो मले." मी म्हटलं, शिकवीन.

आता बघा. इथपर्यंत मी काहीच केलं नव्हतं. इथून फ्रेनीबाई उतरल्या होत्या त्या डाक बंगल्यापर्यंत रस्ता होता आणि मी चालत होते. रस्त्यात मला कुणी काही सुचवलं नाही. कुणी भेटलंही नाही. फ्रेनीबाई बंगल्याच्या व्हरांड्यात चहा पीत होत्या. मी पायरीवर उभी राहिले आणि सांगितलं — तिच्या घरचे नाही म्हणाले. तिचं लग्न ठरलंय. आता परत विचारायला जाऊ नका, बाप रागावलाय, परत विचारलंत तर साड्याही देणार नाही. 

सगळं एका दमात आलं. मीच चकित झाले — एवढं सगळं कधी तयार झालं होतं माझ्यात? 

फ्रेनीबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लगन. हां. काय करनार." आणि माझ्याकडे बघून, जरा दमल्यासारखं, "मग तूच चल, दिकरी."

दुकानात आल्यावर बाबांनी माप मागितलं. मी म्हटलं, बदलायचं नाही, माझ्याच मापाचं शिवा. बाबांनी मान हलवली आणि कात्री उचलली. 

तुम्ही म्हणाल, झालं, एवढंच? तरुण पोरगी, हेवा वाटला, खोटं बोलली. एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी बोलूनही गेले असते. नवऱ्याला सांगितलं असतं, दोघं हसलोही असतो. पण सुमित्रा वाट बघत होती. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. काय सांगता आलं असतं? बाईंचा बेत बदलला — चाललं असतं. मुंबईहून तार आली — चाललं असतं. तिने विश्वास ठेवला असता. तिने माझ्या कुठल्याही बोलण्यावर विश्वास ठेवला असता. 

मी दुपारी गेले. ती ओट्यावरच बसली होती. मी म्हटलं, "बाई नाई म्हणली."

"काऊन?"

आणि मी म्हटलं, "रंग नाई चालत म्हणे. काळ्या अंगावर कोसा मेल्यासारखा दिसते म्हणे. जवळून पाह्यलं तवा समजलं म्हणे तिले."

हे वाक्य फ्रेनीबाईंचं नव्हतं. कुणाचंच नव्हतं. ते मी केलं, घरून निघताना, चपला घालता घालता. दुसरं कुठलंही कारण दिलं असतं तरी माझं काम झालंच असतं — मग हेच का निवडलं? मी त्याच्यावर विचार केला आहे. मला वाटतं, मला तिची जागा घ्यायची नव्हती फक्त. त्या बाईने तिच्यात जे पाहिलं, ते तिला कधी कळू नये असं मला वाटत होतं. तिला स्वतःला कळू नये. 

सुमित्रा रडली नाही. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटा करून, सुलटा करून — बाजारात वस्तू बघतो तसं. "असं म्हणे?" एवढंच म्हणाली. मग उठली, आत गेली, आणि जंगलात न्यायची साडी बाहेर घेऊन आली. तिनेच काढलेल्या सुताची होती. म्हणाली, "मंग तू घाल. तुह्यावर दिसन." आणि ओट्यावर बसून तिने त्या साडीच्या घड्या माझ्यासाठी नीट करून दिल्या. एकेक घडी तळव्याने दाबून. 

दुसऱ्या दिवशी आम्ही पोंभुर्ण्याच्या बाजूला गेलो. साड्यांची जबाबदारी म्हणून महादेव बरोबर. सकाळची थंडी, ऐनाच्या झाडांवर कोसे लोंबत होते, कोसे पाळणाऱ्या धीवरांच्या झोपड्यांतून धूर. मला सगळा वेळ एकच भीती — फ्रेनीबाई महादेवशी बोलतील. आणि बोलल्याच. साडी हातात घेताना त्यांनी त्याला म्हटलं, "तुमची बहनला मुबारक बोल." त्या पुढे गेल्यावर महादेवने माझ्याकडे पाहिलं. "कायचं मुबारक?" मी म्हटलं, "सूत चांगलं निघालं म्हून." तो खूश झाला. किती सोपं होतं! मी जे सांगेन ते खरं, असे ते लोक. 

फोटो मात्र जमेना. फ्रेनीबाई सांगायच्या, हसू नको, साडीला बोलू दे, कुठेच बघू नको. मी कुठेच बघायला जायचे आणि माझं तोंड आपोआप गुळाचा खडा शोधायचं. फोटोवाला पहिल्यांदाच काहीतरी बोलला, इंग्रजीत, आणि फ्रेनीबाई हसल्या. शेवटी त्यांनी मला वळायला सांगितलं. पाठमोरी उभी केली, पदर लांब सोडून वाळक्या पानांवर पसरला, आणि तसेच फोटो काढले. ऊन वर येईपर्यंत मी एका झाडाच्या खोडाकडे बघत उभी होते. पदर उडू नये म्हणून महादेव पानांआडून त्याचं टोक धरून बसला होता. तो मध्येमध्ये काहीतरी बोलून मला हसवत होता. पाठच दिसणार असल्यामुळे आता हसलं तरी चालत होतं. 

मला कुणी मुंबईला नेलं नाही. ते मासिक काही महिन्यांनी गुलाबभाऊंकडे आलं. एक पानभर साडी, जंगल, आणि माझी पाठ. सबंध मोहल्ल्याने ते पाहिलं. सुमित्रा येईल त्याला सांगायची, "हे पाठ आमच्या कमलची हाय." 

उन्हाळ्यात महादेवने मला मागणी घातली. बाबांनी आधी तोंड वाकडं केलं, जात वेगळी म्हणून, मग आईने त्यांना वळवलं. सुमित्राने तिच्या घरी वळवलं. तिच्याशिवाय ते लग्न झालंच नसतं. असं मी त्या घरात गेले — तिच्या घरात, तिची वहिनी होऊन. 

आणि मी फार सुखात राहिले. हे लपवून कसं चालेल? महादेवसारखा माणूस शोधून मिळाला नसता. सासू मला कधी टोचून बोलली नाही. लेबलांची कामं मी लग्नानंतरही केली, साबणाची, चहाची, पहिलं मूल झाल्यावर तर त्याला मांडीवर घेऊन बाळघुटीचीही. विठोबाजी ते डबे मागाशेजारी ओळीने मांडायचे. सुमित्राचंही चांगलंच झालं. पोंभुर्ण्याला दिली, धानाची शेती, माणूस भला — नामदेवराव. तिच्यावर त्याचा एवढा जीव की आम्ही चेष्टा करायचो. म्हणजे तिचं काही वाटोळं झालं, असं नाही. ती जगली, हसली, भांडली, सणावारी येऊन आम्हाला कामाला लावून गेली.

फक्त फोटोत ती कधी आली नाही. माझ्या लग्नात गुलाबभाऊंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं तेव्हा ती उजेडासाठी पांढरी चादर धरायला समोर जाऊन उभी राहिली. "मी धरतो भाऊ, तुमी काढा." तिच्या स्वतःच्या लग्नात मुंडावळ्यांवरून पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली. नामदेवराव म्हणाले, अवं, तोंड तं दाखव. नाही दाखवलं. सगळ्यांना वाटलं, लाजते. मी वऱ्हाडाला जेवण वाढत होते. मी पुढच्या पंगतीला वळले. 

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, म्हणजे माझ्याकडे. सासू थकली होती, सगळं मीच केलं. शेक, न्हाणं, डिंकाचे लाडू. मुलगी झाली. थंडीचे दिवस होते. मी अंगणात पाय पसरून बसायचे, पोरीला पायावर घेऊन तेल लावायचे, आणि सुमित्रा बाजूला खाटेवर उन्हात पडलेली असायची. मला ते दिवस फार आवडले. घरात माग चाललेले, माझा मुलगा ओट्यावर खेळतोय, आणि हे इवलंसं, तेलाने चमकणारं पोर. आईचाच रंग घेऊन आलं होतं. आईचीच मान. 

एके सकाळी सुमित्रा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, एक विचारू? खरं सांगशीन?"

मी म्हटलं, विचार. 

"ते बाई — मुंबईची. ते खरंच तसं म्हणली होती का? का तू... का कोणी दुसऱ्यानं सांगतलं होतं तुले?"

तिने मला दार उघडून दिलं होतं, बघा. कोणी दुसऱ्याने — एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. गुलाबभाऊंचं नाव घेतलं असतं, फोटोवाल्याचं घेतलं असतं. किंवा खरंच सांगितलं असतं, तर काय झालं असतं? मी काही आता ती जुनी पोरगी नव्हते. माझं लग्न झालेलं, मूल झालेलं, सासरची लाडकी. फ्रेनीबाई परत कधी आल्या नव्हत्या. हरण्यासारखं काहीच नव्हतं माझ्याकडे. सुमित्रा चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, मग बोलली असती — मी तिला ओळखत होते. आणि मला तिच्याबद्दल मायाच होती तेव्हा. हेवा तर कधीच संपला होता.

मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "हो. तसंच म्हणली होती."

का म्हटलं? मला सांगता येत नाही. तो उन्हाचा सुखाचा वेळ मोडू नये, असं वाटलं असेल. माझ्याबद्दल तिला जे वाटायचं ते तसंच राहावं, असंही असेल. हे काही कारण नव्हे, मला कळतं.

सुमित्रा म्हणाली, "मले वाटलंच." मग पोरीकडे बघत, अगदी साध्या आवाजात — "मंग हिले उन्हात जास्त नको ठेवत जाऊ."

मी पोरीला उचललं आणि सावलीत नेलं.

ती मुलगी मोठी झाली, शिकली, अहेरीला शाळेत मास्तरीण झाली. मला मामी म्हणून जीव लावते. आईसारखीच उंच आहे. भर थंडीतही छत्रीशिवाय बाहेर पडत नाही. सुमित्रा अजून आहे, पोंभुर्ण्याला, मुलाकडे. आली की माझ्याच खोलीत राहते. आम्ही दोघी दुपारभर बोलतो, जेवतो, पडतो. तिला मी सांगितलेलं नाही. दोनदा तिच्या तोंडावर खोटं बोलले आणि दुसऱ्यांदा बोलताना माझा हात तिच्या लेकराच्या अंगावर होता. त्या दिवशी मी पोटभर जेवले. नंतरही जेवत आले.